दर्याचा देव, मुक्काम कोल्हापूर

संग्रहालय ही परगावच्या माणसांसाठी बांधलेली वस्तू आहे, हे एकदा ध्यानात घेतले की पुष्कळ गोंधळ टळतो. गावचा माणूस देवळात जातो, बाजारात जातो, निवडणूक असली तर मतदानालाही जाऊन येतो; पण आपल्या गावच्या संग्रहालयात तो आयुष्यात दोनदाच जातो. पहिल्यांदा चौथीत असताना, रांगेतून, पुढच्याच्या शर्टाचे टोक धरून. आणि दुसऱ्यांदा पुण्यामुंबईचे पाहुणे घरी येऊन चार दिवस झाले तरी हलेनात, आणि ‘त्यांना कुठेतरी फिरवून तरी आणा’ असे स्वयंपाकघरातून बजावले गेले, तेव्हा. मधली तीस-पस्तीस वर्षे तो त्या इमारतीवरून रोज जातो-येतो आणि कुणी विचारलेच तर ‘आत जुनी भांडीकुंडी आहेत’ एवढी माहिती पुरवतो. लंडन-पॅरिसकडेही हीच तऱ्हा असणार. तिथल्या संग्रहालयांतून जी गर्दी लोटते, त्यात त्या गावचे माणूस म्हणजे बहुधा दाराशी बसलेला पहारेकरी.

म्हणून संग्रहालय कसे पाहावे, हे सांगण्याचा अधिकार गावच्या माणसाचा नाही. तो शेजारगावच्या माणसाचा. या न्यायाने कोल्हापूरची संग्रहालये कशी पाहावीत हे सांगायला मी पात्र ठरतो, कारण मी तळेऱ्याचा.

तळेरे तुम्ही पाहिलेले आहे. नक्की पाहिलेले आहे. फक्त तुमच्या लक्षात नाही. मुंबईहून गोव्याकडे जाताना खारेपाटण मागे पडले आणि कणकवली अजून यायची आहे, अशा वेळी तुम्ही गाडीत डुलक्या घेत असता आणि कुणीतरी म्हणते, ‘फाटा आला वाटतं.’ तो फाटा म्हणजे आम्ही. इथून पश्चिमेला रस्ता जातो तो विजयदुर्गाला, थेट समुद्रात. पूर्वेला जातो तो वैभववाडीवरून करूळचा घाट चढून गगनबावड्याला आणि तिथून कोल्हापूरला. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर तळेरे हे माणसांचे क्लिअरिंग हाऊस आहे. इकडचा चेक तिकडे, तिकडचा इकडे. शिल्लक काही राहत नाही. आंबा येतो आणि जातो. मासळी येते आणि जाते. चाकरमानी गणपतीला येतो आणि गौरी गेल्या की जातो. या गावी कुणी मुद्दाम म्हणून आलाच, तर आम्ही त्याला आपुलकीने विचारतो, ‘पुढची गाडी किती वाजताची?’

आम्हां खालच्या लोकांना कोल्हापूर लागते ते तीन कामांसाठी. अंबाबाई, लग्नाचा बस्ता आणि डॉक्टर. संग्रहालय हे चौथे काम कुणाच्या यादीत नसते आणि नसावेही. संग्रहालयाला मुद्दाम निघालेला माणूस पहिल्या दालनातच थकतो. दुसऱ्या कामाच्या फटीत, ‘चारला या’ असे कुणीतरी सांगितल्यावर, अडीच ते चार या वेळात पाहिलेले संग्रहालय खरे. कोल्हापूरने ही सोय फार विचारपूर्वक केली आहे. सी.पी.आर. म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय; त्याच्या अगदी समोर टाऊन हॉल, आणि टाऊन हॉलात सरकारी संग्रहालय. बाहेर बाग आहे. बागेत झाडाखाली पेशंटांचे नातेवाईक भाकरी सोडून बसलेले असतात, त्यांच्या शेजारी जुन्या तोफा आणि दगडी मूर्ती बसलेल्या असतात, आणि तासाभराने कोण कुणाच्या सोबतीला आलेले आहे ते कळेनासे होते.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. सोमवारी संग्रहालय बंद असते. आणि कोकणातला माणूस रविवारी मुक्कामाला येऊन सोमवारी सकाळी डॉक्टर गाठतो.

इमारत मात्र सोमवारीसुद्धा पाहता येते. १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली गेली. आराखडा मेजर चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज इंजिनियरचा. टोकदार कमानी, उतरती छपरे. लांबून पाहिले तर चर्च वाटावे. माझ्याबरोबरच्या एका गृहस्थांनी तर चपला काढून ठेवल्या होत्या. याच मँटने कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचाही आरंभ केला. आमच्याकडे गवंडी एक गोठा घेतो आणि दोन पावसाळे पुरवतो. त्या मानाने हा माणूस कामाला वाघ म्हणायचा.

आत शिरल्यावर शहाणा माणूस डावीकडून सुरुवात करून उजवीकडे संपवतो. तुम्ही तसे करू नका. आधी सरळ ब्रह्मपुरीच्या वस्तू कुठे आहेत ते विचारा आणि तिकडे चला. आबालाल रहिमानांची चित्रे नंतर पाहा, पण पाहाच. तो मोठा चित्रकार होता आणि पाणी आणि ऊन रंगवण्यात त्याचा हात धरणारा विरळा.

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी. मूळचे कोल्हापूर तिथले. १९४४ च्या सुमारास तिथे ब्राँझच्या वस्तूंचा एक साठाच हाती लागला. मग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि सातवाहनांच्या काळचे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे विटांच्या घरांचे गाव वर आले. या वस्तू ठेवायच्या कुठे, म्हणून १९४६ साली संग्रहालय निघाले आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलात आले. वस्तू सापडल्यापासून पाचएक वर्षांत सगळे मार्गी लागले, हे सरकारी कामाचा अनुभव असणाऱ्यांनी दोनदा वाचावे.

त्या साठ्यात एक मूर्ती होती. लहानशी, ब्राँझची. उघड्या अंगाचा, दाढीवाला, पिळदार पुरुष. एक हात वर उचललेला, पण त्यातला त्रिशूळ हरवलेला. नुसते पाहिले तर तालमीतला कुणी वस्ताद वाटेल, आणि कोल्हापुरात तो तसा खपूनही गेला असता. पण हा पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव. रोमन कारागिराने घडवलेला आणि गलबतातून इकडे आलेला. त्याच्याबरोबर रोमन घडणीचा आरसा आणि भांडीही मिळाली.

आता मला सांगा, समुद्राचा देव सापडायचा तर कुठे सापडावा? मालवणला सापडावा, वेंगुर्ल्याला सापडावा, गेला बाजार देवगडला तरी. आमच्याकडे साडेसातशे वर्षांमागची एखादी विहीर निघाली तरी तिच्यावर तीन गावे हक्क सांगतात. आणि हा दर्याचा राजा जाऊन बसला कुठे, तर जिथे पापलेटसुद्धा बर्फातून जाते तिथे.

त्या काळचा हिशेब थोडा सांगितला पाहिजे. मी कॉमर्सचा आहे, राहवत नाही. रोमन लोकांना आपली मिरी हवी असे, कापड हवे असे, मोती हवे असत. त्या बदल्यात ते सोनेनाणे देत, दारू देत, भांडी देत. रोमचा प्लिनी नावाचा ग्रंथकार तक्रार करतो की हिंदुस्थान दरसाल आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. म्हणजे परकीय चलन इकडे येत होते आणि रडगाणे तिकडे चालले होते. अशी स्थिती पुन्हा आल्याचे आमच्या फॉरेन एक्स्चेंज डिपार्टमेंटला आठवत नाही. त्याच पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची एक वही लिहून ठेवली. तीत आपल्या किनाऱ्यावरची बंदरे ओळीने दिली आहेत. कल्याण आहे, चौल आहे, आणि चौलच्या दक्षिणेला जी नावे येतात त्यांत एक आहे बायझँटियम. हे बायझँटियम म्हणजे आमचे विजयदुर्ग, असे काही अभ्यासकांनी म्हटलेले आहे.

बाकीचे अभ्यासक काय म्हणतात याच्याशी तळेरेकरांना कर्तव्य नाही. बायझँटियम जर विजयदुर्ग असेल आणि देव जर कोल्हापुरात सापडला असेल, तर तळेरे फाट्यावर गाडी बदलल्याशिवाय तो वर पोचलाच कसा? तो कोणत्या घाटाने चढला याची नोंद कुठल्याही वहीत नाही, हे आमच्या पथ्यावरच पडले आहे. त्रिशूळ बहुतेक सामान चढवता-उतरवताना राहिला असावा. आमच्या फाट्यावर छत्र्या अशाच राहतात.

हा देव मला प्रथम दाखवला तो आत्याने. म्हणजे दाखवला मी. पण पाहिला तिने. माझी थोरली आत्या देवगडकडे दिलेली. तिच्या पडवीतून समुद्र दिसायचा. तिला कोल्हापूरला एका डॉक्टरांकडे नेले होते. काही तपासण्या झाल्या होत्या आणि रिपोर्ट चारला मिळणार होता. अडीचपासून चारपर्यंत तिला बाकावर बसवून ठेवणे मला जमण्यासारखे नव्हते, कारण बाकावर बसली की ती गप्प होई, आणि आत्या गप्प झालेली आमच्या घरात कुणाला सोसत नसे. म्हणून टाऊन हॉल.

काचेशी तोंड नेऊन तिने त्या मूर्तीकडे बराच वेळ पाहिले.

“कोन रे ह्यो?”

मी म्हटले, “पोसायडन. परदेशातला समुद्राचा देव.”

“पोसाय,” ती म्हणाली. “दर्यो आमका पोसता, मगे नाव बरोबरच असा. पन हय घाटार कित्याक इलो?”

मी तिला सातवाहन सांगितले, रोमचा व्यापार सांगितला, प्लिनी सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मगे तेका नारळ कोन देता?”

या प्रश्नाला माहितीच्या फलकावर उत्तर नव्हते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, मग होड्या बाहेर काढायच्या, हे तिच्या दृष्टीने जगातल्या सर्व समुद्रांना लागू होते. दोन हजार वर्षे या देवाला कुणी नारळ दिलेला नाही, आणि त्याचा त्रिशूळही गेलेला, म्हटल्यावर तिने “अरे बाबा, बाबा” केले. मग काचेवर हात ठेवून हळूच म्हणाली, “मी पन तेच्यासारकीच. दर्यो सोडून हय इलंय.”

चारला रिपोर्ट मिळाला. त्यात जे होते त्यासाठी पुढे वर्षभर दर महिन्याला आम्हांला घाट चढावा लागला. दर खेपेला ती आधी देवाकडे जायची. नारळी पौर्णिमेला तिने समुद्रात दोन नारळ सोडले. पहिला घरचा. दुसऱ्याबद्दल धाकट्या आतेभावाने विचारले तर म्हणाली, “तो घाटावयल्याचो.” त्यानंतर दोन पावसाळे तिने पाहिले. दोन्ही वेळा दोन नारळ.

देवाच्या मानाने माझा जीव नाण्यांत जास्त रमतो. माणूस ज्या जागी पोट भरतो तिथलेच डोळे घेऊन फिरतो. कोल्हापूरच्या परिसरात त्याच काळची शिशाची नाणी सापडली आहेत. त्यांवर धनुष्यबाण आहे आणि राजांची नावे आहेत: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. गंमत अशी की शिवलकुराने पहिल्या विळिवायकुराची नाणी गोळा करून त्यांवरच आपला छाप मारला. पुढे गौतमीपुत्राने शिवलकुराच्या नाण्यांवर आपला मारला. त्यावरूनच कोण आधी आणि कोण नंतर हे विद्वानांना कळले. साहेब बदलला की जुन्या लेटरहेडवरचे नाव खोडून वर नवा रबरी शिक्का मारायचा, ही जी आमच्या ऑफिसची पद्धत, तिला दोन हजार वर्षांची परंपरा आहे हे मला त्या कपाटापाशी समजले. आणि ती नावे पाहा. वासिष्ठीचा पुत्र, माढरीचा पुत्र, गौतमीचा पुत्र. राजा आधी आईचे नाव सांगतो. महाराष्ट्र सरकारने मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव सक्तीचे केले, तेव्हा आमच्या काउंटरवर काहीजण ‘हे काय नवीन फॅड’ म्हणून कुरकुरले. मी त्यांना म्हटले, फॅड जुनेच आहे, मधे जरा खंड पडला होता.

नव्या राजवाड्याबद्दल फार सांगत नाही, कारण तिथे तुम्ही माझ्या सांगण्यावाचूनही जाल. १८७७ ते १८८४ चे काम, मधे घड्याळाचा मनोरा, आत छत्रपतींच्या वस्तू, शस्त्रे, आणि पेंढा भरलेले वाघ. मुलांना घेऊन गेलात तर ती वाघांपाशीच थांबतात. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासवर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे मुलांना सांगण्याची हीच जागा. पण वाघाच्या जबड्यासमोर जाहीरनामा टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचे स्मृती संग्रहालय आहे. तिथे आम्ही सिंधुदुर्गकर जरा ताठ मानेने शिरतो. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याला मास्तर म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. ऐन उमेदीची अठरा वर्षे त्यांनी समुद्राकाठी काढली, मग ते घाट चढून कोल्हापूरला गेले, आणि १९७४ चे ज्ञानपीठ ‘ययाति’ला मिळाले ते कोल्हापूरच्या पत्त्यावर. शिरोड्याने त्यांची आठवण नीट जपली आहे, तक्रार अशी नाही. पण हाही एक चेक आमच्याकडून पुढे गेला, एवढे मी मनात टिपून ठेवतो.

कणेरी मठाचे सिद्धगिरी संग्रहालय शहराबाहेर आहे आणि तिथे उन्हातान्हात पुष्कळ चालावे लागते. जुने खेडे सिमेंटच्या माणसांनी उभे केले आहे. लोहार, कुंभार, न्हावी, सगळे बलुतेदार, जात्यावर बसलेल्या बायका, विहिरीवरची माणसे. सगळी पुरुषभर उंचीची आणि इतकी हुबेहूब की आमच्या एका सहकाऱ्याने सिमेंटच्या म्हाताऱ्याला वाट विचारली. मला मात्र तिथे थोडे चुकल्याचुकल्यासारखे होते. आमच्या घरचे जाते अजून आहे. खरे, दगडी, दोन्ही तळ्या शाबूत. ते मागच्या दाराशी टाकलेले असून पावसाळ्यात त्यावर उभे राहून आम्ही चिखलाचे पाय धुतो. आणि तिकीट काढून, रांगेत उभे राहून सिमेंटचे जाते पाहतो, त्याच्याबरोबर फोटो काढतो. आजीच्या तांब्याच्या हंड्याचे काय झाले हेही तिथेच आठवते. बोहारणीने त्याच्या बदल्यात स्टीलचे दोन डबे दिले होते, आणि घरात त्या दिवशी सौदा फायद्याचा झाला म्हणून चहा झाला होता.

एवढे पाहून झाल्यावर खालच्या माणसाला विचारावेसे वाटते की सगळे जर वरच पाहायचे, तर आमच्याकडे काय? आहे. पण त्याला इमारत नाही, पहारेकरी नाही आणि सोमवारची सुट्टीही नाही. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे. ब्रह्मपुरीच्या साठ्यातही एक ब्राँझचा हत्ती आहे, वर माणसे बसलेला, फार देखणा, छोट्याशा कपाटात मावणारा. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर जनावरांची चित्रे कोरली आहेत. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जांभ्या कातळावर तो काढला आणि तो तिथेच पडून राहिला. माणसे त्याच्या पाठीवरून गुरे घेऊन जात राहिली. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत सडेच्या सडे पायी तुडवून अशी असंख्य कातळशिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणे गेली. त्यांत कशेळी आहे, बारसू आहे, आमच्या जिल्ह्यातले, मालवण तालुक्यातले कुडोपीही आहे.

हे पाहायला मात्र मुद्दाम जावे लागते. वर सांगितलेला अडीच ते चारचा नियम इथे चालत नाही. सकाळी लवकर जावे किंवा ऊन कलल्यावर. तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात. भर दुपारी काही दिसत नाही आणि पाय भाजतात. चपला बाहेर काढाव्यात. मूर्तीच्या अंगावर आपण उभे राहत नाही, तसे इथेही राहू नये; पण हत्ती एवढा मोठा आहे की आपण त्याच्या कानावर उभे आहोत हे बराच वेळ कळत नाही. बरोबर गावातले माणूस घ्यावे. ते ‘पांडवांनी एका रात्रीत काढलंय’ म्हणेल. म्हणू द्यावे.

काही माणसांना हा हत्ती हलवता येत नाही याचेच समाधान वाटते. त्यांनी आमच्या फाट्यावर येऊन बसावे. ज्या कातळावर ही चित्रे आहेत त्याच जांभ्याचे चिरे निघतात. सड्यावर खाणी चालतात, यंत्राने कातळाचे एकसारखे तुकडे होतात आणि ट्रकमध्ये रचले जातात. घरे बांधायला चिरा लागतोच; माझेही घर चिऱ्याचेच आहे, तेव्हा खाणवाल्यांवर तोंडसुख घेण्याचा मला हक्क नाही. पण खाण कुठे थांबवायची हे कातळ पाहिल्यावर ठरवायचे असते, आणि सडा पावसाळ्यात गवताने आणि उन्हाळ्यात धुळीने झाकलेला असतो.

संध्याकाळी बँक सुटली की मी फाट्यावर चहाला थांबतो. गगनबावड्याकडे जाणारे ट्रक तिथे लागलेले असतात. ड्रायव्हर चहा पीत असतात, क्लीनर टायरवर लाथा मारून पाहत असतो. मी आपला कप हातात घेऊन ट्रकभोवती एक चक्कर मारतो आणि चिऱ्यांच्या बाजू बघून घेतो. क्लीनर आता ओळखतो मला. पहिल्यांदा त्याला मी आर.टी.ओ.चा माणूस वाटलो होतो. अजून तरी कुठल्या चिऱ्यावर रेघ दिसलेली नाही.